वाढई सरांचं मेपल

वाढई सरांबरोबर आठवडी बाजारात जाण्याची हौस आमच्या शाळेतल्या प्रत्येक नव्या शिक्षकाला एकदाच होत असे. वांगी घ्यायची तर सर प्रत्येक वांगं उचलून उन्हाकडे धरत, देठापासून बुडापर्यंत त्यावर अंगठा फिरवत आणि परत ठेवून देत. ढिगाच्या तळाशी पोचले की विकणारी बाई हात जोडायची. "सर, तुमी वांगे घेऊन राह्यले का पोरगी पाहून राह्यले?"

"निवडलं तर पाह्यजे ना बाई," सर शांतपणे म्हणत, आणि पुष्कळदा रिकामी पिशवी घेऊन घरी येत. घरी वाढईबाईंनी नुसतं वरण शिजत घातलेलं असायचं. नवऱ्याच्या निवडीवर त्यांचा भरवसा नव्हता. "मले पाह्याले किती खेपा आले होते ते," त्या सांगायच्या. "शेवटच्या खेपेले माह्या बापानं दारच लावून घेतलं, तवा कुठी हो म्हणले."

एकनाथ वाढई आमच्या आश्रमशाळेत क्रीडाशिक्षक होते. शाळा गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, एसटी जिथे धापा टाकत थांबते आणि पुढे रस्ताच नाही म्हणून परत वळते, तिथे. मी वर्ध्याहून तिथे मराठी शिकवायला गेलो तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. सर उंच, वाळलेले, गळ्यात शिट्टी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. बुटांना रोज सकाळी खडू फासलेला. ते चालून गेले की व्हरांड्यात पांढरी पावलं उमटत, त्यामुळे सर कुठे आहेत हे कोणाला विचारावं लागत नसे.

आमच्याकडे वाढई म्हणजे सुतार. सरांच्या वडिलांची हयात बैलबंडीची चाकं करण्यात गेली. शिकलेल्या मुलानं रंधा हातात धरायचा नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती आणि सरांनी ती पाळलीही होती. नोकरीची पहिली वीस-बावीस वर्षं त्यांनी लाकडाला हात लावला तो फक्त लेझीम वाटताना.

मग सरकारला धनुर्विद्येची आठवण झाली. आदिवासी मुलांच्या रक्तातच नेमबाजी असते, असं कोणीतरी मुंबईत बोललं होतं आणि रक्तातली गोष्ट बाहेर काढायला शिक्षकांचं प्रशिक्षण शिबिर लागतं, म्हणून सरांना नागपूरला पाठवण्यात आलं. आमच्या शाळेतल्या मुलांच्या घराघरांत बांबूची धनुष्यं होती. ती घेऊन रस्त्यानं निघालं की पोलीस कॅम्पवर जप्त होत. तीच मुलं शाळेच्या मैदानावर धनुष्य घेऊन उभी राहिली की त्याला योजना म्हणत.

शिबिरात एका बाहेरच्या प्रशिक्षकानं सरांच्या हातात एक परदेशी लाकडी धनुष्य दिलं. सरांनी दोरी कानापर्यंत ओढली, तशीच धरून ठेवली आणि हळूहळू परत नेली. बाण लावलाच नाही. "कोणतं लाकूड हो?" त्यांनी विचारलं. "मेपल," प्रशिक्षक म्हणाला.

परत आल्यावर सर शिक्षकांच्या खोलीत दिवसभर नुसते बसून होते. हेडमास्तर मुनघाटे म्हणजे जगातल्या कुठल्याही नव्या गोष्टीला 'वरून काही आलंय का?' एवढंच विचारणारा गृहस्थ. त्यांनी विचारलं, "काय झालं वाढई? शिबिरात जेवण बरोबर नव्हतं काय?"

"सर, बांबू वाकते," वाढई सर म्हणाले. "मेपल ऐकते."

"काय ऐकते?"

"तुमी मनात जेवढं म्हणलं तेवढंच वाकते. तुमी थांबले की थांबते."

मुनघाट्यांनी माझ्याकडे पाहिलं. असं ऐकणारं काही त्यांच्या सबंध नोकरीत त्यांना भेटलं नव्हतं.

स्पर्धेत पारंपरिक लाकडी धनुष्याचा एक गट होता. आमच्या शाळेची सुनीता मडावी त्या गटात उतरायची होती. दहावीतली, कमी बोलणारी मुलगी. मैदानावर तिचा बाण सुटला की सर पाठ फिरवून उभे राहत, कारण आनंद चेहऱ्यावर दिसलेला त्यांना आवडत नसे. या मुलीला मेपलचं धनुष्य करून द्यायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. अडचण एवढीच होती, की मेपल हे थंड मुलखातलं झाड. आमच्या गडचिरोली-चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत साग, बिजा, हलदू, शिवण, ऐन, मोजता येणार नाही इतकं लाकूड. त्यात मेपलचं एक पान नव्हतं. चहूकडे जंगल असताना हा माणूस लाकूड शोधायला निघाला.

पहिल्यांदा ते वनखात्याच्या डेपोत गेले. तिथल्या साहेबांनी सागाच्या उंच थप्प्यांकडे हात करून विचारलं, "एवढं कमी पडून राह्यलं काय सर?" मग कोणीतरी सांगितलं, की व्हायोलिनची पाठ मेपलची असते. त्या वर्षी मुनघाट्यांच्या पुतण्याच्या लग्नाला आम्ही चंद्रपूरला गेलो. ऑर्केस्ट्रा होता. सगळे वऱ्हाडी समोर बसले आणि वाढई सर खुर्ची उचलून स्टेजच्या मागे गेले. व्हायोलिनवाला डावीकडे वळला की सर उजवीकडे सरकत. शेवटी त्या बिचाऱ्यानं गाणं थांबवून विचारलं, "भाऊ, काही प्रॉब्लेम आहे का?"

"तुमी वाजवा," सर म्हणाले. "मले फक्त मागून पाहू द्या."

अक्षता पडल्या, पंगती उठल्या, तरी सर तिथेच. परतीच्या बसमध्ये ते गंभीरपणे मला म्हणाले, "लाकूड चांगलं हाये. पण त्याचे पट्टे वळणावळणाचे होते. पाह्याले सुंदर. धनुष्य केलं तर पहिल्या दिवशी फुटते." म्हणजे मेपल सापडण्याच्या आधीच सरांनी मेपल नापसंत करायला सुरुवात केली होती.

आणि मग ते सापडलं. चंद्रपूरच्या बाजूला एका बंद पडलेल्या कंपनीचा जुना क्लब पाडायला काढला होता. इंग्रज साहेबांनी तिथे नाचण्यासाठी लाकडी जमीन घालून घेतली होती आणि ते लाकूड त्यांनी बोटीनं मागवलं होतं. साहेब गेले, कंपनी गेली, जमीन राहिली. भंगाराचा ठेका रहीमभाई नावाच्या माणसाकडे होता आणि तो त्या पट्ट्या ढाब्यांच्या भट्ट्यांना विकत होता. सरांना ही बातमी लागली त्या दिवशी त्यांनी नोकरीतली पहिली किरकोळ रजा टाकली आणि सोबत म्हणून मला ओढलं.

क्लबचं छप्पर निम्मं उतरवलेलं होतं. सर आत गेले, बूट बाहेर काढले आणि जमिनीवर पालथे पडले. गाल पट्टीला टेकवून, एक डोळा मिटून, ते भिंतीपासून भिंतीपर्यंत पाहू लागले.

रहीमभाई धावत आला. "सर, काऊन झोपून राह्यले? तब्येत ठीक हाये ना?"

"रेषा पाहून राह्यलो."

"कोणती रेषा?"

सर उठून बसले. ओल्या फडक्यानं एक पट्टी पुसली. लाकडाचे बारीक पट्टे ओले होऊन वर आले. "हे पाहा. ही रेषा या टोकापासून निघाली. त्या टोकापर्यंत गेली तर लाकूड आपलं. मधातच काठावरून उतरून गेली, तर जिथी उतरली तिथीच धनुष्य मोडते. वरून पाह्याचं, बाजूनं पाह्याचं. गाठ नाई पाह्यजे. सुईएवढीबी नाई."

रहीमभाईला हे पटलं. त्यानं आपण होऊन एक पट्टी उचलून आणली. तिच्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी होती आणि ऊन पडताच ती रेशमासारखी हलत होती. "ये देखो सर. पूरे क्लब में एकच हाये."

"ही कपाटाले लावा," सर म्हणाले.

दुपारपर्यंत एकही पट्टी पसंत पडली नव्हती. सर पट्टी उचलत, वजन हातात तोलत, जमिनीवर उभी आपटून आवाज ऐकत आणि डाव्या बाजूला टाकत. उजवी बाजू रिकामीच. रहीमभाईची माणसं काम सोडून भोवती बसली होती. पट्टी आपटली की तेही कान देत आणि आपसात पैजा लावत. संध्याकाळी ढाब्याची गाडी येऊन उभी राहिली तेव्हा उजवीकडे चार पट्ट्या होत्या. गाडीवाला म्हणाला, "तेबी टाका ना, भट्टी तर भट्टीच हाये." त्यावर रहीमभाईची माणसंच उखडली. दिवसभरात त्यांच्यातल्या निम्म्यांना रेषा दिसायला लागल्या होत्या.

खरा प्रश्न परतीच्या वाटेवर वनखात्याच्या नाक्याशी उभा राहिला. जीपच्या टपावरच्या पट्ट्या पाहून वनरक्षकानं आम्हाला खाली उतरवलं.

"सागवान?"

"मेपल," सर म्हणाले. खोटं बोलायला त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

"हे कोणतं झाड? कोणत्या जंगलातलं?"

"परदेशातल्या."

"तोडलं कवा?"

"इंग्रज होते तवा."

"तोडलं कोणं?"

"इंग्रजानंच तोडलं असन."

"त्याचा परवाना कुठी हाये?"

वनरक्षक आत जाऊन आपल्या साहेबांना घेऊन आला. साहेबांनी पट्टी हुंगली आणि बराच विचार केला. जे झाड आपल्या जंगलात नाही ते आपल्या जंगलातून चोरता येत नाही, हे त्यांच्या लक्षात येत होतं. पण जे लाकूड आपल्या नाक्यावर आलं ते कुठल्या तरी जंगलातलं असलंच पाहिजे, हेही तितकंच खरं होतं. आम्ही तिथे चहा प्यालो, दुसऱ्यांदा चहा प्यालो. अखेरीस साहेबांनी पट्ट्यांची नोंद 'मोडका पलंग' अशी केली आणि आम्हाला जाऊ दिलं. सर पुढे कितीतरी दिवस नाराज होते. "पलंग म्हणले," ते मध्येच आठवून म्हणत. "मेपलले पलंग म्हणले."

वडील जाऊन तोवर वर्ष झालं होतं. सरांनी त्यांची हत्यारांची जुनी पेटी माळ्यावरून उतरवली. ज्या माणसानं आयुष्यात रंधा धरला नव्हता त्याला तो धरता येत नाही, हे सगळ्या गावानं पाहिलं. पहिली पट्टी तासता तासता इतकी बारीक झाली की तिची पट्टी, म्हणजे मारायची छडी, झाली. दुसऱ्या पट्टीचं धनुष्य झालं, पण वरची बाजू जास्त वाकायची आणि खालची हट्ट धरून बसायची. सर रोज थोडं खरवडत, दोरी चढवत, लांबून पाहत. एका सकाळी ते त्यांच्या हातातच फुटलं आणि एक तुकडा कपाळावर बसला. मी धावत गेलो तर सर कपाळाचं रक्त पुसत तुकडे जुळवून पाहत होते आणि खुशीत होते. "हे पाहा, इथी मी जास्त खरवडलं होतं," ते म्हणाले. "लाकडानं सांगितलं होतं. मीच आयकलं नाई." वाढईबाई हळद घेऊन आल्या. "कपाळ फुटलं तरी खूश," त्या म्हणाल्या. "मी काही बोललं की मात्र यायच्या मनाले लागते."

तिसरं टिकलं. फिकट मधासारखा रंग, मुठीला तांबडं सूत, वाकवलं की दोन्ही बाजू एकाच मापानं वाकायच्या. सुनीतानं ते पहिल्यांदा ओढलं तेव्हा सर तिच्याकडे पाहत नव्हते, धनुष्याकडे पाहत होते. तिनं बाण सोडला, मग आणखी सोडले. शेवटी सरांनी विचारलं, "कसं हाये?"

"सर, याचा आवाजच होत नाई," ती म्हणाली.

सर पाठ फिरवून मैदानाच्या टोकापर्यंत चालत गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत.

नागपूरची निवड चाचणी पंधरवड्यावर आली असताना मंत्र्यांचा दौरा ठरला. आमच्या संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब म्हणजे मोठं प्रस्थ. शाळेच्या भिंतींना चुना नव्हता, पण प्रत्येक भिंतीवर भाऊसाहेबांचं नाव होतं. मंत्र्यांना काय भेट द्यावी यावर बैठक झाली. बांबूचं धनुष्य भाऊसाहेबांना 'गरीब' वाटलं. मग कोणीतरी क्रीडासाहित्याच्या खोलीतलं ते मधाळ रंगाचं धनुष्य त्यांना दाखवलं.

सरांना यातलं काही सांगितलं गेलं नाही. कार्यक्रमाच्या दिवशी ते मैदानात मुलांच्या रांगा लावत होते. सुनीता स्वागताच्या नाचाच्या मुलींमध्ये, डोक्यावर घडा घेऊन उभी होती. स्टेजवर सूत्रसंचालकानं घोषणा केली: "आपल्या जंगलातल्या लाकडापासून, आपल्या आदिवासी बांधवांनी, पिढ्यान्‌पिढ्यांच्या परंपरेनं बनवलेलं हे धनुष्य!" आणि इंग्रजांच्या नाचघराची जमीन, वाढई सरांच्या हातची, मंत्र्यांच्या हातात आली.

मंत्र्यांनी ते कपाळाला लावलं. या मातीचा सुगंध आपल्याला येतो आहे, असं ते म्हणाले. छायाचित्रकार ओरडला, "साहेब, ओढा ना जरा!" मंत्र्यांनी पाय फाकवले, पोट आवरलं आणि दोरी ओढली. बाण नव्हता. टाळ्या झाल्या. जोर येऊन त्यांनी आणखी ओढली, पार कानापर्यंत.

बाण न लावता पूर्ण ओढलेली दोरी सोडली, तर बाणाला जाणारा सगळा झटका लाकडाला बसतो आणि लाकूड फुटतं. हे तिथे माहीत असलेली माणसं दोनच, आणि दोघांनाही स्टेजवर जागा नव्हती. घडा घेतलेल्या मुलींच्या रांगेत काहीतरी फुटल्याचा आवाज झाला, आणि त्याच क्षणी मैदानातून वाढई सरांचा आवाज आला, "सोडू नका!"

मंत्र्यांच्या दौऱ्यात गडचिरोली जिल्ह्यात कोणी मैदानातून ओरडलं की काय होतं, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. बंदोबस्ताचे जवान वळले, दोघं स्टेजवर चढले, भाऊसाहेब सोफ्यामागे गेले. मंत्र्यांना फक्त 'सोडू नका' एवढंच ऐकू आलं होतं. कोणाचा हुकूम हे त्यांना कळलं नाही. पण हुकूम मानायची त्यांना सवय असावी. ते तसेच दोरी धरून उभे राहिले. हात थरथरत होता, गाल लाल झाले होते.

सर दोन्ही हात वर करून स्टेजकडे चालत आले. एका जवानानं त्यांना अडवलं. "मी पी.टी. मास्तर हावो," सर म्हणाले. "साहेबाले आता जास्त वेळ धरवणार नाई. मले जाऊ द्या." जवानानं मंत्र्यांच्या हाताकडे पाहिलं आणि बाजूला झाला.

सरांनी मंत्र्यांच्या मागे उभं राहून त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. "हळू. माह्याबरोबर या. आणखी. बस." दोरी जागेवर आली. मैदानात एवढी शांतता होती, की मंत्र्यांनी सोडलेला श्वास ध्वनिक्षेपकातून सगळ्यांना ऐकू आला. सरांनी धनुष्य त्यांच्या हातातून काढून घेतलं, वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवून पाहिलं.

"साहेब, हे पोरीचं हाये," ते म्हणाले. "तिले चाचणीले जायचं हाये. आन लाकूड आपल्या जंगलातलं नाई. मेपल हाये. सूत्रसंचालकाले माहीत नसन."

ध्वनिक्षेपक चालूच होता. सर स्टेजवरून उतरले, फुटलेल्या घड्याच्या खापऱ्यांमध्ये उभ्या असलेल्या सुनीताकडे गेले आणि धनुष्य तिच्या हातात दिलं. ती रडत होती. "घडा दुसरा मिळते," सर म्हणाले.

मंत्री दंड चोळत म्हणाले, की अशी निष्ठा आपण कुठेच पाहिली नाही, आणि शाल मंत्र्यांनाच देण्यात आली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात छायाचित्र आलं: मंत्री धनुष्य ओढताहेत, त्यांच्या हातावर एक हात आहे, हाताच्या मालकाला कापून टाकलं होतं. मथळा होता, 'परंपरेला सत्तेचा स्पर्श'.

आठ दिवसांत सरांची बदली संस्थेच्या पार जिल्ह्याच्या टोकावरच्या, सिरोंच्याकडच्या शाळेत झाली. मुनघाट्यांनी आदेश त्यांच्या हातात देताना डोळे वर केले नाहीत. "वरून आलंय," ते म्हणाले. सरांनी तो वाचला आणि विचारलं, "चाचणीनंतर गेलो तर चालन ना?" मुनघाट्यांनी आयुष्यात एकदाच वर न विचारता उत्तर दिलं. "चालन."

सुनीता चाचणीत निवडली गेली. राज्य स्पर्धेत ती मधोमध कुठेतरी राहिली. संस्थेच्या अहवालात 'उल्लेखनीय यश' आणि भाऊसाहेबांचा फोटो आला. पुढे ती एका आश्रमशाळेत क्रीडाशिक्षिका झाली, आणि धनुष्य तिच्याकडेच राहिलं. सर बदलीच्या गावी जायला निघाले तेव्हा ती तिच्या गावाहून चालत आली होती. सरांनी एसटीत बसायची जागा निवडायला इतका वेळ लावला, की कंडक्टरनं दोनदा घंटी मारली.

त्यानंतर मी बदलून वर्ध्याकडे गेलो. बऱ्याच वर्षांनी, दोन हजार सालही मागे पडल्यावर, शाळेची सहल घेऊन मोहर्लीला आलो. ताडोब्याच्या दाराशी रिसॉर्टं उभी राहिली होती. आमच्या मुलांना एका रिसॉर्टच्या हिरवळीवर डबे खायला परवानगी मिळाली, आणि तिथे मला पांढरे बूट दिसले.

सर निवृत्त झाले होते. मुलगा तिथे जिप्सी चालवत होता, म्हणून तेही इकडे आले होते. पर्यटकांना जिप्सीची वाट पाहताना कंटाळा येतो, तर सर त्यांना धनुष्यबाण शिकवत. मॅनेजर म्हणून एक तरुण पोरगा होता. त्याच्या हातात मोरपिसांची टोपी होती आणि तो काकुळतीला आला होता. "सर, सगळे घालतात. गेस्टला तसं पाहिजे असतं."

"पीस बाणाले लागते," सर म्हणाले. "माणसाले काऊन?"

मग त्यांनी मला ओळखलं, माझा हात दाबला, वाढईबाई बऱ्या आहेत म्हणाले आणि लगेच समोरच्या गृहस्थांकडे वळले. नागपूरचे कोणी स्थूल व्यापारी होते, टोपी, गॉगल, गळ्यात कॅमेरा. सरांनी त्यांचा कॅमेरा काढून ठेवला, गॉगल काढून ठेवला, खाली बसून त्यांचे दोन्ही पाय हातानं धरून जागेवर लावले. "आता पाय हलवाचे नाई," ते म्हणाले. "मी म्हणेपर्यंत नाई."

व्यापाऱ्यांनी बाण सोडला. तो निशाणाच्या वरून, हिरवळीच्या वरून, स्वयंपाकघरामागच्या बांबूच्या रांजीत, म्हणजे बेटात, गेला. आतून कोणीतरी ओरडलं. व्यापारी वळून पाहू लागले. "पाय," सर म्हणाले. व्यापारी थिजले.

आमच्या बसनं हॉर्न दिला. मुलं चढली, मी शेवटी चढलो आणि खिडकीशी बसलो. सर बाण आणायला निघाले होते. हिरवळीवरून, कवायतीच्या संथ चालीनं, मध्ये थांबून कोणाच्या तरी चुकीच्या ठेवलेल्या खुर्चीला सरळ करत. मॅनेजर टोपी घेऊन त्यांच्या मागे. सर रांजीत शिरले आणि दिसेनासे झाले. बस वळली तेव्हाही ते बाहेर आले नव्हते, आणि भर उन्हात नागपूरचे ते गृहस्थ दोन्ही पाय जागेवर ठेवून, मान अवघडून, त्यांची वाट पाहत उभे होते.